अब्जाधीशांचं दान: 'का दिलं' याआधी 'आत्ताच का दिलं' हे विचारा

सातपुड्याच्या पट्ट्यात आश्रमशाळांमधल्या मुलांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेतल्या ताईंचा हा प्रश्न आहे. एका मोठ्या उद्योगघराण्याच्या फाउंडेशनने त्यांना तीन वर्षांचा निधी देऊ केलाय आणि त्यावरून संस्थेत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, ही माणसं कर वाचवायला आणि नाव मिळवायला देतात, त्यांच्या जाहिरातीत आपण कशाला उभं राहायचं? दुसरा गट म्हणतो, मुलांचं भलं होतंय ना, मग पैसा घ्या आणि कामाला लागा. ताई विचारतात: इतकी अतिश्रीमंत माणसं दान करतात, त्यामागचा खरा हेतू काय असतो?

मी बरीच वर्षं निधी-उभारणीचं काम करते. आधी संस्थांच्या बाजूने केलं, पुढे काही देणाऱ्या कुटुंबांना ट्रस्ट उभारताना सल्लाही दिला. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. मात्र समोरासमोर बसून मोकळं बोलणारे माझे देणगीदार शे-दोनशे कोटींपासून काही हजार कोटींपर्यंतचे. त्याहून वरच्या माणसांशी माझा संबंध त्यांच्या फाउंडेशनच्या प्रोग्राम ऑफिसरांमार्फतच आला. त्यामुळे वरच्या थराबद्दल मी जे लिहीन ते सार्वजनिक नोंदींवरून, आणि खालच्या थराबद्दलचं डोळ्यांनी पाहिलेलं.

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पैसा मुळात आला कुठून? तो दिला का? आणि दिल्यानंतर दोर कुणाच्या हातात राहिली? तुमच्या संस्थेतलं भांडण मिटत नाही याचं कारण असं की एक गट पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला लावतोय आणि दुसरा गट तिन्ही प्रश्न बाजूला सारतोय. मधल्या प्रश्नावर, म्हणजे हेतूवर, दोघंही जोरात बोलतात, कारण तिथे कुणालाच काही सिद्ध करावं लागत नाही.

करापासून सुरुवात करते. हे कारण सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं आणि आपल्या देशात ते सगळ्यात लंगडं आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे आयकरात '८०जी' म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या निम्म्या रकमेपुरती असते आणि तिलाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. आता हिशेब करा. ३० टक्के दराने कर भरणाऱ्या माणसाने १०० रुपये दिले, तर ५० रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात आणि कर वाचतो १५ रुपये. अधिभार धरला तर थोडा जास्त. बाकीचे साधारण ७८ ते ८५ रुपये गेलेच. नव्या करपद्धतीत तर व्यक्तीला ही वजावटही नाही. वारसा कराची भीतीही इथे नाही, कारण इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच रद्द झाली. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे मोठ्या इस्टेटीवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागतो, आणि भाव चढलेले शेअर थेट दान केले तर भांडवली नफ्यावरचा करही टळतो. तिथल्या अब्जाधीशांबद्दल कोणी 'कर वाचवतात' म्हणालं तर त्यात बरंच तथ्य असतं. तो युक्तिवाद आपण जसाच्या तसा इकडे आणतो तेव्हा गफलत होते.

आपल्याकडे करासाठी चालतो तो प्रकार वेगळा. देणगीची पावती घ्यायची आणि कमिशन कापून रक्कम रोखीत परत मिळवायची. तो सरळ गुन्हा आहे. दानाच्या हेतूंच्या चर्चेत त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट बहुतेक कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही. ज्याला आपण 'अमुक शेठचं दान' म्हणतो ते पुष्कळदा शेठचं नसतंच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावेच लागतात. एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. फाउंडेशनला नाव घराण्याचं, उद्घाटनाला फीत कापायला घरातल्या वहिनी, पण चेक येतो लिस्टेड कंपनीच्या खात्यातून. त्या कंपनीत एलआयसीचा पैसा असतो, म्युच्युअल फंडांचा असतो, म्हणजे तुमच्या-माझ्या एसआयपीचाही त्यात अंश असतो. अशा वेळी हेतू काय, तर कायद्याचं पालन. त्यात वाईट काही नाही, पण त्याला औदार्य म्हणायचंही कारण नाही. तुमच्या निधीची मुदत तीन वर्षं आहे हे वाचूनच मला शंका आली. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्पाची व्याख्या, सुरुवातीचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. मार्च जवळ आला की माझा फोन वाजू लागतो तोही याचमुळे. खर्च न झालेली रक्कम नियमाप्रमाणे वेगळ्या खात्यात टाकावी लागते किंवा सरकारी निधीत भरावी लागते, म्हणून मग 'कुणी चांगली संस्था सुचवा, आठवड्यात कागदपत्रं देणारी' अशी विचारणा सुरू होते. तेव्हा फाउंडेशनला पहिला प्रश्न हा विचारा: पैसा कंपनीचा सीएसआर आहे की कुटुंबाचा स्वतःचा? या एका उत्तराने तुमची निम्मी चर्चा जमिनीवर येईल.

आता स्वतःच्या खिशातून देणाऱ्यांकडे वळू. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीवाल्या कारखानदारांचा ट्रस्ट उभारताना मी सोबत होते. त्यांनी कारखाना एका परदेशी कंपनीला विकला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतकी रक्कम एकदम खात्यात आली होती. पहिल्या भेटीत ते 'समाजाचं ऋण' याच्यापलीकडे काही बोलले नाहीत. पुढच्या एका भेटीत मुलांना बाहेर पाठवून मला म्हणाले, "हे सगळं पोरांच्या हातात एकदम पडलं तर दोन पिढ्यांचं वाटोळं होईल." नंतर कधीतरी जेवताना कळलं, की पत्नीला डायलिसिससाठी दर आठवड्याला दोनदा शहरात न्यावं लागायचं आणि वाटेतच एकदा तिची तब्येत हाताबाहेर गेली होती. आणि ट्रस्टच्या डायलिसिस केंद्राची कोनशिला ठरवताना वडिलांचं नाव किती इंचाच्या अक्षरात कोरायचं, यावर त्यांनी आमची अख्खी दुपार घेतली.

यातला खरा हेतू कोणता? मला विचाराल तर चारही. ऋणाची भावना खरी होती, मुलांबद्दलची धास्ती खरी होती, पत्नीच्या आठवणीने डोळ्यांत आलेलं पाणीही खरं होतं आणि गावात वडिलांचं नाव मोठं व्हावं ही इच्छाही तितकीच खरी होती. अशी सरमिसळ मी इतक्या घरांत पाहिली आहे की एकाच हेतूची कथा कुणी सांगू लागलं, मग ती कौतुकाची असो वा टीकेची, तर मला ती अर्धवट वाटते.

पण त्याच केंद्रात पुढे काय झालं तेही सांगते. यंत्रं आली, एसी बसला, पाटी लागली. टेक्निशियनच्या पगाराचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "यंत्र मी देतो, पगाराचं तुमचं तुम्ही बघा." आणि यंत्रं कितीतरी महिने प्लास्टिकच्या आवरणाखाली राहिली. पगारावर नाव कोरता येत नाही, ही या क्षेत्रातली रोजची अडचण आहे. शेवटी व्याजातून दोन टेक्निशियनचे पगार निघतील इतका कायमनिधी त्यांनी वेगळा काढला आणि केंद्र चालू झालं. त्यांचा हेतू या काळात तसूभरही बदलला नव्हता, बदललं ते कागदावरचं एक कलम.

म्हणून अलीकडे मी देणगीदाराला 'का' विचारायचं सोडून दिलंय. 'आत्ताच का' हे विचारते, किंवा गुपचूप शोधते. त्याचं उत्तर बऱ्याचदा कागदावर सापडतं. कंपनी विकली गेली. भावांची वाटणी झाली. वारस नाही, किंवा आहे पण भरवशाचा नाही. घरात कॅन्सर येऊन गेला. कारखान्याच्या गेटवर आंदोलन झालं. कोर्टात खटला उभा आहे. यातल्या प्रत्येक कारणातून दानाचं वेगळं वळण ठरतं. घरात दुखणं येऊन गेलेला माणूस त्या एकाच आजारावर अडून बसतो, पण पैसे काढून घेत नाही. गेटवरच्या आंदोलनानंतर देणारा तीन गावांच्या पलीकडे पाहत नाही, आणि आंदोलन थंडावलं की निधीही थंडावतो.

'का' आणि 'आत्ताच का' या दोन प्रश्नांतला फरक अमेरिकेतले तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. 'स्टँडर्ड ऑइल' या आपल्या कंपनीची बदनामी धुवायला त्यांनी दान केलं असं सर्रास म्हटलं जातं. पण १८५५ साली सोळाव्या वर्षी पहिली नोकरी लागली तेव्हापासूनच ते तुटपुंज्या पगारातून चर्चला आणि गरजूंना देत होते. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद आहे. ते कट्टर बाप्टिस्ट ख्रिस्ती होते आणि देणं हे त्यांच्या धर्माचं अंग होतं. तेव्हा 'का'चं उत्तर श्रद्धा असं द्यावं लागेल. पण रॉकफेलर फाउंडेशनला संघराज्याची सनद मिळावी म्हणून प्रयत्न सुरू झाले ते १९१० मध्ये, जेव्हा सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरलेला होता. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे तुकडे करायला लावले. अमेरिकन काँग्रेसने सनद दिली नाही, शेवटी १९१३ साली न्यूयॉर्क राज्याकडून ती घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या लडलोला, रॉकफेलरांचा ताबा असलेल्या खाणकंपनीच्या संपात कामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला आणि बायका-मुलं मेली. फाउंडेशनने मात्र हुकवर्म, पिवळा ताप, वैद्यकीय शिक्षण यांवर जे काम केलं त्याचा फायदा जगाला झाला. श्रद्धा खरी, वेळ साधलेली, खाणीतलं रक्तही खरं आणि औषधंही खरी. या सगळ्याची बेरीज करून एकच आकडा काढायचा हट्ट मी सोडला आहे.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती मोठ्या प्रमाणात चीनच्या व्यापारातून आली, आणि त्या व्यापारात कापसासोबत अफू होती. १८४२ साली त्यांना नाइटहूड ('सर' हा ब्रिटिश किताब) मिळालं, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे किताब वंशपरंपरेने चालू झाला. त्या काळच्या मुंबईत मोठ्या व्यापाऱ्याची पत फक्त गोदामातल्या मालावर ठरत नसे. पंचायतीत मान, गव्हर्नरच्या दरबारात खुर्ची आणि उदार म्हणून लौकिक या सगळ्यावर हुंडी चालायची. म्हणजे दानात धंद्याचंही हित होतं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. लोक होडीने जात आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. सरकार खर्च करायला तयार नव्हतं. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. माझ्या लेखी त्या देणगीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तिची अट होती: येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही.

ही अट नीट पाहा. पैसा अफूच्या व्यापारातला, मान ब्रिटिशांकडून मिळालेला, पुढे रस्त्याला लेडी जमशेटजींचं नावही लागलं. म्हणजे तुमच्या पहिल्या गटाचे सगळे आक्षेप इथे लागू पडतात. तरीही डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि बग्गीतला साहेब दोघंही त्यावरून फुकट जाऊ शकत होते. चीनमधल्या अफूबाजांच्या घरांचं जे झालं ते यातून भरून निघत नाही. तो हिशेब वेगळा आहे आणि तो मांडलाच पाहिजे. पण कॉजवेपुरतं बोलायचं तर दोर देणाऱ्याच्या हातात राहिली नाही.

याच्या उलटचं उदाहरण अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. १८८९ मध्येच त्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं, की श्रीमंताने जिवंतपणीच आपली संपत्ती लोकहितासाठी वाटून टाकावी, गडगंज मरणं ही नामुष्की आहे. बोलल्याप्रमाणे ते वागलेही. जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं त्यांच्या पैशातून उभी राहिली. त्यांची अटही शहाणपणाची होती. गावाने जागा द्यायची आणि बांधकामाच्या १० टक्के रक्कम दरवर्षी कराच्या पैशातून चालू खर्चासाठी ठेवायची. इमारत बांधून पळ काढणाऱ्या आजच्या कितीतरी देणगीदारांनी हे शिकावं. पण याच लेखनात त्यांनी असंही मांडलं, की ही संपत्ती थोडी थोडी करून कामगारांत वाटली तर ती खाण्यापिण्यातच उडून जाईल, म्हणून समाजाच्या वतीने ती शहाण्या माणसाने खर्च करावी. तो शहाणा माणूस अर्थात स्वतः कार्नेगी. १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरी कापायची आणि युनियन मोडायची म्हणून टाळेबंदी झाली, खासगी सशस्त्र रखवालदार आणले गेले, दोन्ही बाजूंची माणसं मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. सहा वर्षांनी होमस्टेडलगतच त्यांनी भव्य ग्रंथालय बांधून दिलं. बारा-बारा तास भट्टीपुढे राबून आलेल्या माणसाने त्या ग्रंथालयात बसायचं कधी? हेतू निर्मळ असूनही मजुराच्या हक्काचा पैसा मजुराच्या हातात पोचला नाही, आणि तो पोचू नये असंच देणाऱ्याचं प्रामाणिक मत होतं. म्हणून 'त्यांचा हेतू चांगला आहे' हे वाक्य कुणी मला ऐकवलं की माझं समाधान होत नाही.

टाटांचं उदाहरण टाळता येणार नाही, पण त्यातली एकच गोष्ट मला सांगायची आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने, गेल्या. त्यांना आणि त्यांचे पती दोराबजी टाटा यांना मूलबाळ नव्हतं. १९३२ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या आधी, दोराबजींनी दोन वेगळे ट्रस्ट केले. पत्नीच्या नावाचा ट्रस्ट त्यांनी ल्युकेमियाच्या संशोधनाला वाहिला. उरलेली जवळजवळ सगळी संपत्ती दुसऱ्या ट्रस्टमध्ये गेली, मेहेरबाईंच्या २४५ कॅरेटच्या ज्युबिली हिऱ्यासकट. त्या दुसऱ्या ट्रस्टचं न्यासपत्र त्यांनी मोकळं ठेवलं. त्यात जात, धर्म, गाव असं कुठलंच बंधन नव्हतं. स्वतःच्या दुःखाला त्यांनी एक वेगळी जागा दिली आणि बाकीच्या पैशावर त्याची सावली पडू दिली नाही. म्हणूनच त्याच ट्रस्टमधून १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था उभी राहू शकली, जी आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस) म्हणून ओळखली जाते, आणि १९४१ मध्ये परळचं कॅन्सर हॉस्पिटल. ते हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. न्यासपत्रं लिहिताना मी हे उदाहरण हटकून सांगते, कारण बहुतेक कुटुंबं नेमकं उलट करतात. 'विश्वस्तांमध्ये बहुमत कायम आमच्याच घरचं', 'संस्थेचं नाव कधीही बदलायचं नाही', 'निधी फक्त अमुक तालुक्यात' अशी कलमं घालतात आणि पन्नास वर्षांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नातवंडं एकमेकांविरुद्ध अर्ज करत बसतात.

मग गुप्तदान हाच उपाय का? चक फीनी या ड्युटी फ्री दुकानांच्या अमेरिकी सहसंस्थापकाने १९८० च्या दशकात आपली जवळजवळ सगळी मालकी एका फाउंडेशनच्या नावे केली आणि १९९७ पर्यंत बाहेर फारसं कुणाला ते माहीत नव्हतं. आठ अब्ज डॉलर्सहून जास्त पैसा वाटून २०२० साली त्यांनी फाउंडेशन बंद केलं आणि स्वतः भाड्याच्या घरात राहिले. कीर्तीचा हेतू इथे जवळजवळ वजाच करावा लागतो. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. पण गुप्त देणगीदाराला जाब कोण विचारणार? विद्यापीठाला कुणाचा पैसा येतोय हे विद्यार्थ्यांना कळू नये, हे मला नागरिक म्हणून खटकतं. नम्रता ही देणाऱ्याची गोष्ट झाली, समाजाला पारदर्शकता लागते.

तसंच 'जाहीर केलं' आणि 'दिलं' यांत गल्लत करू नका. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'गिव्हिंग प्लेज'मध्ये अब्जाधीश निम्मी संपत्ती देण्याचं वचन देतात. ते नैतिक वचन आहे, कायद्याने बांधील नाही. अझीम प्रेमजींनी विप्रोच्या समभागांचा आर्थिक लाभ टप्प्याटप्प्याने माघारी न घेता येईल अशा पद्धतीने फाउंडेशनला दिला, आणि २०१९ मध्ये तो आकडा एकूण सुमारे १.४५ लाख कोटी रुपयांवर गेला. त्या पैशाने उद्या काय करायचं यावर वाद घालता येईल, पण तो त्यांच्या खिशात परत जाणार नाही.

आता अशा एका जागेबद्दल सांगते, जिथे हेतू उघड दिसतो: देणारा कशाला नकार देतो. एका औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत आरोग्य तपासणीचा कार्यक्रम होता, निधी तिथल्याच एका कारखान्याचा. सीएसआरच्या कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्या असंच म्हटलंय, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. आमच्या प्रश्नावलीत घरात प्यायचं पाणी कुठून येतं आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना घेता येईल का, असे दोन प्रश्न होते. करार परत आला तेव्हा बाकी सगळं जसंच्या तसं, फक्त त्या दोन ओळींवर लाल रेघ. कारण विचारलं तर 'प्रकल्पाच्या व्याप्तीत बसत नाही' असं उत्तर आलं. डोळ्यांची तपासणी करा, रक्तदाब बघा, चष्मे वाटा, दुप्पट पैसे देतो, पाणी तेवढं सोडा. संस्थेने ते पैसे घेतले नाहीत. हा निर्णय सोपा नव्हता, दोन कार्यकर्त्यांचे पगार त्यावर अवलंबून होते. पण त्या लाल रेघेने जे सांगितलं ते कुठल्याही मुलाखतीत कळलं नसतं.

तेव्हा ताई, तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगते. फाउंडेशन कोणतं, पैसा कुठला, तुमच्या जिल्ह्यात त्या उद्योगाचा कारखाना, खाण किंवा धरणाच्या पाण्यावर दावा आहे का, हे मला माहीत नाही, आणि माझं उत्तर यावर खूप अवलंबून आहे. असा दावा असेल, तर तुमच्या पहिल्या गटाचं म्हणणं गंभीरपणे घ्या. ज्या पालकांची जमीन वादात आहे त्यांच्याच मुलांच्या दप्तरावर त्या कंपनीचा लोगो ही गोष्ट 'पैसा तो पैसा' म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पालकांना बसवून विचारा, निर्णयात त्यांचा आवाज घ्या. असा संबंध नसेल, तर हेतूवरचं भांडण थांबवा आणि कराराचा मसुदा दोन्ही गटांनी मिळून वाचा.

वाचताना रद्द करण्याचं कलम सगळ्यात आधी काढा. तीस दिवसांच्या नोटिशीवर ते कधीही थांबू शकत असतील, तर तीन वर्षांचा निधी हा खरं तर एका महिन्याचा निधी आहे. ही मुदत किमान एका शैक्षणिक सत्राची करून मागा. बहुतेक फाउंडेशनं मान्य करतात, कुणी मागतच नाही म्हणून छापील मसुदा तसाच राहतो. मग पाहा, मुलांचे फोटो आणि गोष्टी वापरायचा हक्क कुणाकडे आहे. तुमच्या हिशेबनिसाचा आणि गाडीच्या डिझेलचा खर्च त्यात बसतो का? तुम्ही सरकारच्या आश्रमशाळा धोरणाविरुद्ध जाहीरपणे बोललात तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर देताना समोरचा माणूस कुणाकडे बघतो ते लक्षात ठेवा. वर्षाच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भार या एकाच देणगीदारावर येत असेल, तर रक्कम कमी करून घ्या. मी हे सांगते तेव्हा संस्थांना धक्का बसतो, पण नाही म्हणण्याची ताकद याच हिशेबातून येते.

हेतू कसाही असला तरी समाज त्यावर अटी घालू शकतो, हेही तुमच्या दोन्ही गटांना सांगा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्या रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. ज्या शेठजींनी हॉस्पिटल बांधलं त्यांच्या मनात काय होतं हे विचारत कुणी बसलं नाही. अंमलबजावणीत पळवाटा आहेत, रुग्णांना खाट मिळवायला झगडावं लागतं, पण झगडायला हातात कलम तरी आहे. माझा जीव अशा गोष्टींत जास्त अडकतो. अतिश्रीमंतांच्या अंतःकरणाची परीक्षा घेण्यात आपली शक्ती जाते, आणि त्याच वेळी शाळांवरचा सरकारी खर्च, किमान वेतन, कराचे दर या ज्या गोष्टी मतदार म्हणून आपल्या हातात आहेत, त्यांवरून लक्ष उडतं. कार्नेगीच्या कामगारांना ग्रंथालय नको होतं असं नाही, त्यांना आधी मजुरी हवी होती.

मसुदा आला की रद्द करण्याचं कलम आणि आर्थिक परिशिष्ट, नावं झाकून, मला पाठवलंत तर वाचून कळवेन.